परत मुका झाला की! लिनक्सवरचा आवाज पुन्हा पुन्हा जातो तेव्हा

“परत मुका झाला की ओ तुमचा लिनक्स.”

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका अण्णांचा हा फोन मला वर्षभरात तीनदा आला. त्यांच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली मीच टाकून दिलेली. त्यामुळं कॉम्प्युटर नीट चालतो तोवर तो ‘आमचा’ असतो आणि बिघडला की ‘तुमचा’ होतो.

अण्णांना आवाज गाण्यांसाठी नको असतो. परगावचे व्यापारी हल्ली ऑर्डर लिहीत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात. मराठी, तेलुगू, हिंदी सगळं एकाच वाक्यात. आवाज गेला की “तीस-साठचे दोनशे डझन, गुलाबी कमी घाला” ही ऑर्डर स्क्रीनवर नुसत्या रेघोट्या होऊन पडून राहते. मोबाइलवर ऐकता येते, पण भिंतीपलीकडं माग चालू असताना मोबाइलचा आवाज कितीसा पोचणार? म्हणून टेबलावर दोन दांडगे स्पीकर.

तिन्ही वेळा लक्षण एकच: स्पीकर गप्प. कारणं मात्र तीन वेगळी निघाली, आणि तिसरं सापडायला मला दोन खेपा जास्त पडल्या. ज्यांचा आवाज एकदाच गेला आणि रिस्टार्ट केल्यावर आला, त्यांनी हे वाचायची गरज नाही. ज्यांचा येतो आणि पुन्हा जातो, त्यांच्यासाठी लिहितोय.

एक आधीच सांगून ठेवतो. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘सीटीएल’ म्हटलं की सी, टी, एल ही तीन अक्षरं. शब्दांमधली मोकळी जागा आणि आडव्या रेघा जशा दिसतात तशाच.

आवाज कुठवर पोचतो?

पाणी यायचा दिवस आहे आणि नळ कोरडा, तर सोलापूरकर नळ बदलायला धावत नाही. आधी शेजारी हाक मारतो, “तुमच्याकडं आलं का?” त्यांच्याकडं आलं असेल तर दोष आपल्या पाइपात, नसेल तर मागं कुठंतरी. उजनीपासून आपल्या माठापर्यंत वाट लांब आहे, पण एका प्रश्नात ती अर्धी होते. लिनक्सवरच्या आवाजालाही असाच एक प्रश्न विचारायचा असतो. लोक तो सोडून बाकी सगळं करतात.

आवाजाची वाट अशी. सगळ्यात खाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर, अल्सा. हे काम जरोस्लाव किसेला यांनी १९९८ साली सुरू केलं आणि २००३ अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून लिनक्सचा आवाज म्हणजे अल्सा हे पक्कं झालं. अल्सा साउंड कार्डाशी थेट बोलतो. पण ब्राउझर, व्हिडिओ प्लेयर आणि नोटिफिकेशनची टिंगटिंग एकत्र मिसळणं, हा आवाज स्पीकरला आणि तो हेडफोनला देणं, ही कामं त्याच्या वर बसलेल्या सर्व्हरची. बरीच वर्षं हा सर्व्हर म्हणजे पल्सऑडिओ. फेडोरा आणि उबुंटू या मिंटसारख्याच लिनक्सच्या जाती. फेडोरानं तो २००७ साली घेतला, उबुंटूनं २००८ साली, आणि उबुंटूवाल्यांनी त्या काळात त्याला पोटभर शिव्या घातल्या. आता त्या जागी पाइपवायर आहे: फेडोरा ३४ मध्ये एप्रिल २०२१ ला आला, उबुंटूत २२.१० पासून, आणि आपल्या मिंटमध्ये २२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२४ ला. पाइपवायरच्या जोडीला वायरप्लंबर नावाचा एक कारकून असतो. कुठला प्रोग्राम कुठल्या कार्डाला जोडायचा, डीफॉल्ट कोण, मागच्या वेळी व्हॉल्यूम किती होता, ही सगळी वही त्याच्याकडं.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की नेटवर सापडणारे निम्मे उपाय पल्सऑडिओच्या काळातले आहेत. तुमच्याकडं काय चालू आहे ते आधी बघा. टर्मिनलमध्ये ‘पीएसीटीएल इन्फो’ टाका. ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत ‘पल्सऑडिओ ऑन पाइपवायर’ असं दिसलं तर तुमच्याकडं पाइपवायर आहे. जुन्या प्रोग्रामांना तो पल्सऑडिओचं सोंग करून दाखवतो. नुसतंच ‘पल्सऑडिओ’ असेल तर जुनी व्यवस्था, बहुधा मिंट २१ किंवा त्याआधीचं.

आता तो प्रश्न. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ टाकून घ्या. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरवर ते तसंच चालतं. चांगलं पाच-दहा मिनिटांचं काहीतरी वाजत ठेवा, ऑर्डरचा चार सेकंदांचा मेसेज नको. मग त्यातला पहिला टॅब, ‘प्लेबॅक’, उघडा. वाजणाऱ्या प्रोग्रामचं नाव, त्याचा व्हॉल्यूमचा दांडा, आणि दांड्याखाली एक बारीक पट्टी. बोलण्याच्या तालावर ती मागंपुढं थरथरते. पट्टी हलते का? हलत असेल तर तिसरा टॅब, ‘आउटपुट डिव्हायसेस’. तिथं प्रत्येक उपकरणाखाली अशीच पट्टी असते. कोणाची हलते?

बस, एवढंच बघायचं. पहिली पट्टीच मेली असेल तर प्रोग्राम किंवा सर्व्हर. पहिली हलते पण दुसरीकडं भलत्याच उपकरणाची हलते, तर जोडणी चुकली. दोन्ही बरोबर हलतात आणि तरी खोलीत शांतता, तर दोष खाली: मिक्सर, जॅक, वायर किंवा स्पीकर. हे बघायच्या आधी टर्मिनलला हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. पहिल्या खेपेला मी तो पाळला नव्हता.

पट्टी हलते, पण भलतीकडं

पहिल्या खेपेला मी सरळ आवाजाच्या सगळ्या सेवा, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्राम, रिस्टार्ट केल्या, मशीन रिस्टार्ट केलं, अण्णांचा दोन वेळचा चहा पिऊन झाला, मग कुठं हा टॅब उघडला. पट्टी छान नाचत होती, एचडीएमआयच्या खाली. दिवाळी पाडव्याला अण्णांनी नवा मॉनिटर आणला होता, एचडीएमआय वायरीचा. त्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो आणि लिनक्सला तो मॉनिटर म्हणजे एक साउंड कार्डच वाटतं. मॉनिटरला स्पीकर आहेत की नाहीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळ्या ऑर्डरी त्या स्पीकर नसलेल्या मॉनिटरला ऐकवून झाल्या होत्या.

मी ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये ब्राउझरच्या समोरची यादी उघडली, एचडीएमआयच्या जागी ‘बिल्ट-इन ऑडिओ अ‍ॅनालॉग स्टिरिओ’ निवडलं, आवाज आला, मी घरी आलो. हा उपाय अर्धा. यानं फक्त त्या एका प्रोग्रामचा प्रवाह वळतो. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या पुतण्यानं दुसऱ्या प्लेयरमध्ये काहीतरी लावलं, ते परत मॉनिटरला. ‘पुन्हा पुन्हा जातो’ या तक्रारीमागं मला हे फार वेळा दिसतं: आवाज गेलेलाच नसतो, एकेक प्रोग्राम तेवढा वळवलेला असतो.

पक्कं करायचं तर शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये जा. तिथं प्रत्येक कार्डाचं एक प्रोफाइल असतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर त्याचा एचडीएमआय ऑडिओ वेगळी ओळ म्हणून दिसतो. ते प्रोफाइल सरळ ‘ऑफ’ करून टाका. मदरबोर्डाच्याच चिपवरचा डिस्प्ले वापरत असाल तर अनेकदा एकच कार्ड दिसतं आणि त्याच्या यादीत एचडीएमआयही असतं, अ‍ॅनालॉगही. तिथं ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ घ्या. डुप्लेक्स म्हणजे माइकसकट. नुसतं आउटपुट घेतलं तर आवाज येईल पण माइक जाईल, आणि मग त्याच्यासाठी वेगळा फोन येईल. नंतर ‘आउटपुट डिव्हायसेस’मध्ये त्या उपकरणासमोरचं हिरवं टिकमार्कचं बटण दाबा, तेच डीफॉल्ट होतं.

टर्मिनलवाल्यांसाठी: ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’ टाकलं की ‘सिंक्स’ या शीर्षकाखाली सगळी आउटपुटं क्रमांकासकट येतात, डीफॉल्टसमोर चांदणी असते. ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट’ आणि पुढं तो क्रमांक. हा क्रमांक कुठं लिहून ठेवू नका किंवा स्क्रिप्टमध्ये घालू नका. मशीन परत चालू झालं की तो बदलू शकतो. आज ४७ म्हणजे स्पीकर, उद्या ४७ म्हणजे वेबकॅमचा माइक.

पट्टीच हलत नाही

दुसरी खेप मेमधली. बाहेर ऊन असं की स्कूटरच्या सीटवर भाकरी भाजावी, आणि आत अण्णा तापलेले. या वेळी ‘आउटपुट डिव्हायसेस’मध्ये एकच नाव होतं: ‘डमी आउटपुट’. हे दिसलं की समजायचं, सर्व्हरला एकही खरं कार्ड मिळालेलं नाही. रिकाम्या खुर्चीवर पाटी ठेवावी तसं ते नाव असतं.

डमी दिसल्यावर पहिला प्रश्न, कर्नलला तरी कार्ड दिसतंय का? ‘एप्ले -एल’ टाका (ए हे अक्षर आणि प्ले जोडून). खरं कार्ड असेल तर ‘कार्ड ०’ अशा ओळी येतात, त्यात चिपचं नाव असतं, आपल्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपांवर रिअलटेकचं ‘एएलसी’नं सुरू होणारं काहीतरी. ओळी आल्या तर ड्रायव्हर ठीक, सर्व्हर बिघडला. ओळीच आल्या नाहीत तर सर्व्हरशी मारामारी करून उपयोग नाही, दोष त्याच्या खाली आहे, त्याबद्दल पुढं.

अण्णांकडं ओळी आल्या. मग सर्व्हर रिस्टार्ट: ‘सिस्टिमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’. पुढं सुडो, म्हणजे रूटच्या (मशीनच्या मालकाच्या) अधिकारानं आज्ञा चालवणारा शब्द, लावायचा नाही. या सेवा तुमच्या लॉगिनच्या आहेत, रूटच्या नव्हेत. सुडो लावला की आज्ञा भलत्याच दारावर जाऊन थडकते. लोक सवयीनं सगळीकडं सुडो लावतात आणि मग म्हणतात रिस्टार्ट करूनही फरक नाही. जुन्या पल्सऑडिओवर हेच काम ‘पल्सऑडिओ -के’ करतं. तो मेला की आपसूक परत उठतो.

इथं मात्र उत्तर आलं की वायरप्लंबर नावाची सेवाच नाही. मी पुतण्याकडं बघितलं. त्यानं कबूल केलं: मागं एकदा आवाज खरखरत होता, म्हणून एक जुना व्हिडिओ बघून त्यानं पल्सऑडिओ ‘परत टाकला’. आता उबुंटू-डेबियनच्या घराण्यात (मिंट त्यातलंच) पल्सऑडिओ आणि पाइपवायरचं ऑडिओ पॅकेज एका घरात नांदत नाहीत. एक आलं की दुसरं बाहेर. पॅकेजं टाकणारा-काढणारा प्रोग्राम, एपीटी, तसं सांगतोही, ‘ही पॅकेजं काढली जातील’ म्हणून यादी दाखवतो आणि हो-नाही विचारतो. ती यादी कोण वाचतं? पोरानं वाय दाबलं.

परतीचा रस्ता सोपा होता: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पाइपवायर-ऑडिओ’. इथं सुडो हवाच. हे पॅकेज स्वतःबरोबर पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर दोघांना घेऊन येतं आणि पल्सऑडिओला बाहेर काढतं. या वेळी यादी पुतण्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. मग लॉगआउट, लॉगिन. तरी सेवा उठत नसतील तर एक जागा बघा: काही जुन्या लेखांत पाइपवायरला ‘मास्क’ करायला सांगितलेलं असतं, म्हणजे त्याच्या तोंडावर पट्टी मारून ठेवायला. ‘सिस्टिमसीटीएल --युजर अनमास्क’ आणि पुढं सेवेचं नाव, की ती पट्टी निघते.

सेवा चालू, कार्ड दिसतंय, आणि तरी रोज सकाळी डीफॉल्ट भलतंच किंवा व्हॉल्यूम शून्यावर, असं असेल तर वायरप्लंबरची वही खराब झाली असं समजा. होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.लोकल’मध्ये ‘स्टेट’, त्याच्यात ‘वायरप्लंबर’ नावाचं फोल्डर. ते उडवू नका, नाव बदला, मागं ‘जुनं’ असं काहीतरी जोडा, आणि तिन्ही सेवा परत चालू करा. वही कोरी होते, आवडीनिवडी एकदा परत सांगाव्या लागतात. वायरप्लंबरची सेटिंग हातानं लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: २०२४ मधल्या ०.५ आवृत्तीपासून त्या फाइलींचा साचाच बदलला, आधी लुआ भाषेत लिहीत. मिंट २२ वर अजून आधीचीच, ०.४ आहे. नेटवरचा तुकडा कुठल्या साच्यातला आहे ते न बघता चिकटवला की तो बिनबोभाट दुर्लक्षिला जातो.

बाकीची कारणं थोडक्यात

अपडेटनंतर आवाज गेला आणि ‘एप्ले -एल’मध्ये काहीच नाही, तर मशीन चालू होताना काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडून बघा. तिथं आवाज असेल तर नव्या कर्नलाचं काहीतरी राहिलंय. उबुंटूच्या घराण्यात साउंडचे ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात, आणि अपडेट मध्येच वीज जाऊन तुटलं की नेमकं तेच राहून जातं.

विंडोजही त्याच मशीनवर असेल तर तिकडून थेट रिस्टार्ट करून लिनक्समध्ये येऊ नका. पूर्ण बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग चालू करा. विंडोजनं कार्ड ज्या अवस्थेत सोडलं त्या अवस्थेतून ते कधी कधी उठतच नाही.

एका मशीनवर घरातले दोघं लॉगिन करत असतील आणि एकानं लॉगआउट न करता ‘स्विच युजर’ केलं असेल, तर आवाज कोणाचा हा तंटा होऊ शकतो. आता कार्ड आपोआप पडद्यावर असलेल्या माणसाला मिळतं. पण जुन्या सल्ल्यावरून कोणाला ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये घातलं असेल तर तो मागं बसूनही कार्ड धरून ठेवतो. त्या ग्रुपमधून काढा. आजच्या डेस्कटॉपावर त्याची गरज नाही. कार्ड कोणी धरलंय ते ‘सुडो फ्यूजर -व्ही’ आणि पुढं डेव्ह फोल्डरातल्या एसएनडीमधल्या फाइलींचा रस्ता (‘/डेव्ह/एसएनडी/*’) दिला की नावासकट कळतं.

आणि आवाज जात नाही, फक्त मेसेजचा पहिला शब्द गिळला जातो, तर ते वीजबचतीचं काम. कार्ड काही सेकंद रिकामं राहिलं की झोपतं, उठताना पहिला अर्धा सेकंद खातं. अण्णांच्या भाषेत “दोनशे डझन”चं “डझन” होतं, हे गंभीर आहे. ‘एसएनडी एचडीए इंटेल’ या ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा ‘पॉवर सेव्ह’ शून्य करून बघा, डेस्कटॉपाला तेवढी वीज वाचवून करायचंय काय. तरीही गिळत असेल तर वायरप्लंबर स्वतःही पाच सेकंदांनी उपकरण निजवतो. ती मुदत त्याच्या सेटिंगमध्ये शून्य करता येते.

दोन्ही पट्ट्या हलतात, स्पीकर गप्प

तिसरी खेप. अण्णा म्हणाले, “या वेळी पोरानं काही केलं नाही. सकाळी असतो, दुपारी जातो.”

पट्टी बरोबर उपकरणाखाली हलत होती. स्पीकर मोबाइलला लावून बघितले, वाजले. मागच्या हिरव्या भोकात पिन घट्ट होती. कोणी झाडलोट करताना पिन गुलाबी भोकात, म्हणजे माइकच्या, घालतं, हेही होतं, तसं नव्हतं. मिंटचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू केलं: तिथंही शांतता. ही परीक्षा चांगली, कारण पेनड्राइव्हवरची प्रणाली कोरी असते. तिच्यावर आवाज आला तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये; तिच्यावरही नाही, तर हार्डवेअरकडं बघायचं.

‘अल्सामिक्सर’ उघडलं. एफ ६ दाबून खरं कार्ड निवडायचं, नाहीतर तो पाइपवायरचाच एक दांडा दाखवतो आणि काही कळत नाही. ‘मास्टर’, ‘फ्रंट’, ‘लाइन आउट’, जे काही दिसेल त्याच्या खाली दोन एम असतील तर ते बंद. एम दाबलं की दोन शून्यं येतात, म्हणजे चालू. ‘फ्रंट’खाली एम एम. चालू केलं, आवाज आला. ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ करून ही स्थिती जतन केली आणि विजयी मुद्रेनं निघालो. विजापूर वेशीपर्यंत पोचतो तोच फोन.

कोणीतरी ते परत बंद करत होतं. दोन खेपांनंतर ‘आउटपुट डिव्हायसेस’मधल्या ‘पोर्ट’च्या यादीकडं माझं लक्ष गेलं. तिथं ‘हेडफोन्स’पुढं लिहिलं होतं ‘प्लग्ड इन’. हेडफोन कुठायत? टेबलाच्या खणात. सीपीयूच्या पुढच्या बाजूला दोन भोकं, दोन्ही रिकामी.

खात्रीसाठी टर्मिनलमध्ये ‘एमिक्सर -सी ० कंटेंट्स’ (ए हे अक्षर आणि मिक्सर जोडून) टाकून ‘फ्रंट हेडफोन जॅक’ची ओळ शोधली. किंमत: ‘ऑन’. भोकात बारीक लाकडी काडी घालून हलवली, परत आज्ञा दिली: ‘ऑफ’, आणि त्याच क्षणी मागून स्पीकर खर्रकन वाजला. काडी काढून बघतो तर टोकाला राखाडी-गुलाबी लव, कापसाची. टॉवेलच्या कारखान्यात हवेत ही लव कायम उडत असते. पंख्याच्या पात्यावर, ट्यूबलाइटवर, देवाच्या फोटोवर साचते. सीपीयूचा पंखा ती पुढच्या जाळीतून आत ओढतो, आणि जॅकची भोकं बरोबर त्या जाळीशेजारी. महिनोन्‌महिने ती आत जाऊन दाबली गेली होती. जॅकमध्ये एक चिमुकली पत्ती असते. पिन घातली की ती सरकते आणि चिपला कळतं, हेडफोन आला. लव त्या पत्तीला अधूनमधून रेटत होती. सकाळी सुटलेली, दुपारी माग जोरात चालू झाले, टेबल हादरायला लागलं की रेटलेली. हेडफोन आला असं वाटलं की ड्रायव्हर मागचा स्पीकर गप्प करतो, सर्व्हरही पोर्ट हेडफोनवर नेतो. दोघंही आपापलं काम चोख करत होते.

असं असेल तर अल्सामिक्सरमध्ये अगदी उजवीकडं ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाचा खांब असतो. बाणानं तो ‘डिसेबल्ड’ करा आणि अल्सासीटीएलनं जतन करा. पण तेवढं पुरतंच असं नाही, कारण जॅक खोटं बोलला की सर्व्हर पोर्ट परत बदलतो. म्हणून जॅकच साफ करायचा, मशीन बंद करून, लाकडी काडीनं किंवा हवेच्या फुग्यानं. सुई, पिन, टोकदार लोखंड अजिबात नको. पत्ती वाकली की लव नसतानाही जॅक कायमचा ‘ऑन’.

अण्णांची पत्ती बहुतेक वाकलेलीच होती, कारण आठवड्यानं पुन्हा तेच. मग शेवटचा उपाय: सीपीयूचं झाकण काढलं. पुढच्या जॅकांची एक वायर मदरबोर्डाच्या खालच्या काठाला नऊ पिनांच्या कनेक्टरला येते. गिगाबाइटच्या बोर्डावर तिथं ‘एफ ऑडिओ’ छापलेलं असतं, असूसवर ‘एएएफपी’, एमएसआयवर ‘जेएयूडी १’. ती सरळ ओढून काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून बाजूला बांधली. जॅकची खोटी साक्ष बंद. त्याच वायरीतून पुढचा माइकही येतो, तो गेला; हे अण्णांना आधीच सांगितलं होतं. पुतण्याच्या हेडफोनसाठी त्यांनी यूएसबीचं बोटभर साउंड कार्ड आणलं.

चारेक महिने झाले. परवा सकाळी फोन वाजला, नाव बघून मी स्कूटरची चावी शोधायला लागलो.

“मुका झालाय,” अण्णा म्हणाले, “पण थांबा, येऊ नका. पट्टी हलतीय. त्या यूएसबीच्या खाली हलतीय. पोरगं काल रात्री हेडफोन लावून बसलं होतं, तसंच सोडून गेलंय. हिरवं टिक कुठं दाबायचं तेवढं सांगा.”